व्यवहारातील इंग्रजीत शब्दयोगी अव्ययांचा नामांशी व सर्वनामांशी होणारा योग

१

मराठी व्याकरणात 'शब्दयोगी अव्यय' ही संज्ञा ज्या शब्दजातीस दिली जाते तिचे वर्णन त्या संज्ञेतच सामावलेले आहे. जे अव्यय शब्दाला जोडून येते ते शब्दयोगी. 'घरापुढे', 'झाडाखाली', 'माझ्यासाठी' या रूपांत अव्यय नामाच्या किंवा सर्वनामाच्या सामान्यरूपास असे चिकटते की लेखनातही दोहोंचा एकच शब्द होतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी व्याकरणांच्या धर्तीवर मराठीची व्याकरणे रचली जाऊ लागली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली प्रसिद्ध झाले. पुढे शालेय अध्यापनात इंग्रजीतील 'प्रीपोझिशन' या शब्दजातीस मराठीतील शब्दयोगी अव्ययाची जागा दिली गेली आणि 'इन' म्हणजे 'आत', 'ऑन' म्हणजे 'वर', 'विथ' म्हणजे 'बरोबर' अशी समीकरणे पाठ करण्याचा परिपाठ पडला.

हे समीकरण सोयीचे असले तरी त्यात एक गृहीत दडलेले आहे. इंग्रजी अव्ययही आपल्या नामाला तसेच बांधलेले असते. फरक एवढाच की ते नामाच्या मागे न येता पुढे येते, असे त्यामुळे मानले जाते. व्यवहारातील इंग्रजी पाहू लागले की हे गृहीत टिकत नाही. तेथे अव्यय नामापासून सुटते, क्रियापदाच्या बाजूस झुकते, वाक्याच्या शेवटी एकटे उभे राहते. आणि त्यापुढे नाम आहे की सर्वनाम आहे यावर त्याचे वर्तन बदलते. हा भेद ज्याच्या ध्यानात आला नाही त्याच्या हातून दोन प्रकारची हानी होते. त्याचे इंग्रजी बोजड होते, आणि तो इंग्रजीतून मराठीत भाषांतर करू लागला म्हणजे त्याचे मराठीही बोजड होते. प्रस्तुत लेखात नाम आणि सर्वनाम यांच्याशी होणाऱ्या या योगाचे काही प्रकार तपासून मराठीत त्यांना जुळणारी रूपे कोठे सापडतात याचा विचार केला आहे. ही रूपे बहुधा शब्दयोगी अव्ययात सापडत नाहीत, असे या विवेचनाचे प्रतिपाद्य आहे.

२

प्रथम नामाचा विचार करू. इंग्रजीत जातिवाचक एकवचनी नाम सहसा एकटे येत नाही. त्याच्या मागे 'ए' किंवा 'द' हे उपपद, अथवा 'माय', 'दिस' यांसारखा निर्धारक शब्द लागतो. 'ही इज इन हाउस' असे वाक्य होत नाही. 'इन द हाउस' असेच म्हणावे लागते. तथापि काही नामे अव्ययापुढे उपपदावाचून येतात : 'ॲट होम', 'इन बेड', 'ॲट स्कूल', 'टू चर्च', 'इन प्रिझन', 'ॲट सी', 'ऑन फुट', 'बाय ट्रेन', 'बाय हँड', 'ॲट नाइट'.

हे अपवाद म्हणून पाठ करण्याची रीत आहे. पण त्यांत एक सूत्र दिसते. उपपद असलेले नाम एखाद्या विशिष्ट वस्तूकडे बोट दाखवते. उपपदावाचून आलेले नाम वस्तूकडे बोट दाखवीत नाही; ते त्या वस्तूशी जोडलेला व्यवहार, स्थिती किंवा रीत सांगते. 'ही इज इन प्रिझन' याचा अर्थ तो शिक्षा भोगीत आहे. 'ही इज इन द प्रिझन' हे वाक्य तुरुंगाच्या इमारतीत गेलेल्या गवंड्यालाही लागू पडते. मूल 'टू स्कूल' जाते. त्याची आई शिक्षकांना भेटण्यासाठी 'टू द स्कूल' जाते. 'ॲट सी' असलेला मनुष्य समुद्रप्रवासात असतो. 'ॲट द सी' असलेला किनाऱ्यावर हवा खात असतो. ब्रिटनमधील इंग्रजीत रुग्ण 'इन हॉस्पिटल' असतो, अमेरिकेतील इंग्रजीत तोच 'इन द हॉस्पिटल' असतो. अर्थात ही सीमारेषा सर्वत्र एकाच जागी नाही; पण सूत्र दोन्हीकडे तेच आहे.

या सूत्राचा पुरावा सर्वनामाकडून मिळतो. सर्वनाम वस्तूचा निर्देश करते. म्हणून जे नाम वस्तूचा निर्देश करीत नाही त्याच्या जागी सर्वनाम येऊ शकत नाही. 'इन द हाउस' याच्या जागी 'इन इट' म्हणता येते. पण 'ही वेंट बाय ट्रेन' याऐवजी 'ही वेंट बाय इट' असे म्हणता येत नाही. 'शी इज इन बेड' याऐवजी 'शी इज इन इट' म्हटल्यास ऐकणारा ती विशिष्ट खाट शोधू लागेल.

मराठीत उपपद नाही. तेव्हा हा भेद मराठीत व्यक्त होत नाही असे वाटण्याचा संभव आहे. परंतु 'घरी' आणि 'घरात' या दोन रूपांकडे पाहावे. 'तो घरी आहे' हे वाक्य घराच्या अंगणात बसलेल्या मनुष्यालाही लागू पडते. 'तो घरात आहे' म्हटले की भिंती आणि छप्पर डोळ्यांपुढे येते. परक्याच्या वास्तूत शिरलेला चोर 'घरात' असतो, 'घरी' नसतो. 'ॲट होम' आणि 'इन द हाउस' यांमधील अंतर हेच आहे. 'काम हाती घेतले' आणि 'काठी हातात घेतली', 'पायी गेला' आणि 'पायात काटा गेला', 'तोंडी परीक्षा' आणि 'तोंडात घास', 'रात्री आला' आणि 'एका रात्रीत संपवले' या जोड्यांतही तेच दिसते. सप्तमीचा जुना 'ई' प्रत्यय मराठीत सर्व नामांना आज लागत नाही. पण जेथे तो टिकून आहे तेथे वस्तूपेक्षा तिच्याशी निगडित स्थितीचा किंवा रीतीचा बोध करून देण्याचे काम त्याच्याकडे आले आहे. इंग्रजीत उपपदाच्या अभावाने जे साधते ते मराठीत प्रत्ययांच्या निवडीने साधते.

हे साम्य सर्वत्र पुरत नाही. 'शाळेत' आणि 'तुरुंगात' ही मराठी रूपे विद्यार्थी आणि पाहुणा, कैदी आणि गवंडी या सर्वांना सारखीच लागतात. तेथे मराठी हा भेद क्रियापदावर सोपवते : मुलगा 'शाळेत आहे' म्हणजे शिकतो आहे, वडील 'शाळेत गेले आहेत', म्हणजे कामानिमित्त. यावरून असे दिसते की इंग्रजी वाक्यातील 'इन' किंवा 'ॲट' याचा मराठी पर्याय शोधण्याआधी त्यापुढील नाम उपपदासहित आहे की नाही हे पाहणे अगत्याचे आहे. अर्थाचा निर्णय पुष्कळदा अव्यय करीत नाही. तो नामाचे रूप करते.

३

सर्वनामाकडे वळल्यावर इंग्रजीचे एक जुने रूप समोर येते. आजच्या इंग्रजीत अव्ययापुढे नाम बदलत नाही. सर्वनाम मात्र बदलते. 'आय' याचे 'मी', 'ही' याचे 'हिम', 'शी' याचे 'हर', 'वी' याचे 'अस' आणि 'दे' याचे 'देम' होते. (इंग्रजी 'मी' आणि मराठी 'मी' यांचे कार्य नेमके उलट आहे : मराठीतील 'मी' कर्ता, इंग्रजीतील 'मी' कर्म किंवा अव्ययाचा आश्रित.) 'यू' आणि 'इट' यांना वेगळे रूप नाही.

प्राचीन इंग्रजीत ही परिस्थिती नव्हती. त्या अवस्थेत नामालाही विभक्ती होत्या, आणि प्रत्येक अव्ययास ठराविक विभक्तीची अपेक्षा असे. 'टू' या अव्ययापुढे चतुर्थीसदृश विभक्ती येई. 'इन' आणि 'ऑन' यांच्यापुढे स्थिती सांगावयाची असल्यास तीच विभक्ती, आणि गती सांगावयाची असल्यास द्वितीया येई. पुढे अंत्य स्वर झिजत गेले, नामांचे विभक्तिप्रत्यय लोपले, आणि त्यांचे कार्य अव्ययांवर व शब्दक्रमावर येऊन पडले. 'हिम' आणि 'हूम' ही आजची रूपे मुळात या चतुर्थीसदृश विभक्तीची आहेत. 'ही' याचे द्वितीयेचे स्वतंत्र रूप लुप्त झाले आणि 'हिम' याने दोन्ही कामे पत्करली.

नामांच्या बाबतीत या जुन्या व्यवस्थेचे अवशेष काही गोठलेल्या शब्दांत आढळतात. 'अलाइव्ह' हा शब्द 'ऑन' आणि 'लाइफ' यांच्या योगाने बनला. मूळ नामात 'फ' असताना येथे 'व्ह' ऐकू येतो, कारण त्या काळी नामाला स्वरान्त प्रत्यय लागला होता आणि दोन स्वरांमध्ये सापडलेला 'फ' घोष झाला होता. प्रत्यय गेला, त्याचा परिणाम राहिला. 'अस्लीप' आणि 'टुडे' या शब्दांतही अव्यय आणि नाम असेच एकजीव झाले आहेत. 'बिट्वीन' या अव्ययात 'दोन' या अर्थाचा शब्द त्याच्या जुन्या अनेकवचनी विभक्तिरूपासह दडलेला आहे.

सर्वनामांत टिकलेली ही विभक्तीही आज अढळ नाही. व्याकरणदृष्ट्या 'बिट्वीन यू अँड मी' हे शुद्ध मानले जाते. पण सुशिक्षितांच्या तोंडीही 'बिट्वीन यू अँड आय' पुष्कळदा ऐकू येते. हे आजचे वैगुण्य नव्हे. १६०० साली छापल्या गेलेल्या शेक्सपिअरच्या 'द मर्चंट ऑफ व्हेनिस' या नाटकात अँटोनियोच्या पत्रात हाच प्रयोग आहे. त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. 'यू' याच्या रूपावरून विभक्ती कळत नाही. आणि दोन सर्वनामे 'अँड' ने जोडली गेली की दुसरे सर्वनाम अव्ययापासून दूर पडते. शिवाय 'मी अँड हिम' असे कर्त्याच्या जागी म्हणणे ग्राम्य आहे, हे लहानपणापासून बिंबवले गेलेले असते. त्यामुळे 'आय' हेच अधिक सभ्य रूप असा ग्रह होतो. एकट्या सर्वनामाच्या बाबतीत मात्र घोटाळा होत नाही. 'विथ आय' असे प्रमाण इंग्रजी बोलणारा कोणीही म्हणत नाही. तात्पर्य, अव्ययाची विभक्तीवरील सत्ता लगतच्या शब्दापुरती शाबूत आहे; अंतर वाढले की ती क्षीण होते.

४

मराठीत सर्वनामाचा शब्दयोगी अव्ययाशी होणारा योग षष्ठीच्या द्वारे होतो. 'माझ्यासाठी', 'तुझ्याकडे', 'त्याच्यामागे' ही रूपे षष्ठीच्या सामान्यरूपावर उभी आहेत. जुन्या काव्यातील 'मजपाशी', 'तुजविण' ही रूपे वेगळ्या घडणीची होती; चालू गद्यातून ती मावळली. हिंदीत दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात : 'मुझमें', 'मुझसे', 'मुझपर', परंतु 'मेरे लिए', 'मेरे साथ'. बंगालीतही 'आमार जन्ये', 'आमार संगे' अशी षष्ठीच येते. या योगाचे कारण अनेक शब्दयोगी अव्ययांच्या इतिहासात आहे. 'विषयी' यात 'विषय', 'कडे' यात 'कड', 'मुळे' यात 'मूळ' ही नामे उघड दिसतात. 'माझ्याविषयी' म्हणजे मुळात 'माझ्या विषयात'. आणि नामाशी सर्वनामाचा संबंध षष्ठीनेच जोडला जाणार.

इंग्रजीत एकेरी अव्ययापुढे षष्ठी येत नाही. पण ज्या संयुक्त अव्ययांत नाम अद्याप जिवंत आहे तेथे हीच मराठी रीत अवतरते : 'ऑन माय बिहाफ', 'फॉर हर सेक', 'इन हिज ॲब्सेन्स', 'बाय माय साइड'. येथे 'माय', 'हर', 'हिज' ही षष्ठीची रूपे आहेत, आणि 'माझ्या वतीने', 'तिच्याखातर', 'त्याच्या गैरहजेरीत', 'माझ्या बाजूला' हे त्यांचे पर्याय घडणीतही जुळतात. नामाचे नामपण जसजसे विरते तसतसा हा योग बदलतो. 'बाय माय साइड' यात 'साइड' स्वतंत्र आहे. 'बिसाइड मी' यात ते अव्ययात विरघळले आहे, म्हणून षष्ठी जाऊन 'मी' आले. 'इन माय स्टेड' हे आता पोथीतले वाटते. बोलण्यात 'इन्स्टेड ऑफ मी' येते. नामाचे अव्यय होण्याची ही प्रक्रिया दोन्ही भाषांत आहे, मात्र तिचा शेवट वेगळा आहे : मराठीत नाम अव्यय झाले तरी त्याची षष्ठीची अपेक्षा टिकून राहते, इंग्रजीत ती संपते.

याच संदर्भात 'ऑफ' या अव्ययाचा एक विशेष नोंदण्याजोगा आहे. 'ए पिक्चर ऑफ मी' म्हणजे ज्यात माझी आकृती आहे ते चित्र. 'ए पिक्चर ऑफ माइन' म्हणजे माझ्या मालकीचे, किंवा मी काढलेले चित्र. सर्वनामाचे रूप बदलताच संबंध बदलतो. मराठीत 'माझे चित्र' हे दोन्हींना पुरते, आणि संदर्भ अपुरा पडल्यास 'माझ्याकडचे' किंवा 'मी काढलेले' असा खुलासा करावा लागतो.

५

भाषांतरकाराला सर्वांत अधिक चकवणारा योग वेगळाच आहे. 'ही शट द डोअर बिहाइंड हिम', 'शी हॅड नो मनी ऑन हर', 'ही पुट द बुक इन फ्रंट ऑफ हिम' या वाक्यांत अव्ययापुढील सर्वनाम कर्त्याचाच निर्देश करते, तरीही आत्मवाचक 'हिमसेल्फ' किंवा 'हरसेल्फ' येत नाही. याउलट 'शी टॉक्स टू हरसेल्फ', 'ही इज प्राउड ऑफ हिमसेल्फ' येथे आत्मवाचक रूप अनिवार्य आहे. 'शी टॉक्स टू हर' म्हटले की ती दुसऱ्याच कोणा स्त्रीशी बोलते असा अर्थ होतो.

या भेदाचे कारण अव्ययाच्या कार्यात आहे. 'टॉक' या क्रियापदाबरोबर येणारे 'टू' आणि 'प्राउड' या विशेषणाबरोबर येणारे 'ऑफ' यांची निवड त्या त्या शब्दाने केलेली असते. त्यांपुढील सर्वनाम हे त्या क्रियेचा किंवा भावनेचा विषय असते, म्हणून कर्ता आणि विषय एकच असल्यास तसे स्पष्ट सांगावे लागते. 'बिहाइंड', 'ऑन', 'इन फ्रंट ऑफ' ही वरील वाक्यांत केवळ स्थान दाखवतात. क्रियापदाचा त्यांच्यावर अधिकार नाही. स्थलवाचक योगात साधे सर्वनाम आणि क्रियानिबद्ध योगात आत्मवाचक सर्वनाम, असा सर्वसाधारण कल आहे.

मराठीत या दोहोंमध्ये असा भेद होत नाही. कर्ता तृतीय पुरुषी असेल आणि सर्वनाम त्याचाच निर्देश करीत असेल, तर स्थलवाचक योगातही 'आपला' किंवा 'स्वतः' याचाच आश्रय घ्यावा लागतो. 'त्याने त्याच्यासमोर पुस्तक ठेवले' हे वाक्य वाचताच मराठी वाचकाच्या मनात दुसरा मनुष्य उभा राहतो. 'त्याने आपल्यासमोर पुस्तक ठेवले' असे म्हटल्याखेरीज मूळ अर्थ उतरत नाही. पुष्कळदा तर सर्वनामाची गरजच नसते : 'त्याने बाहेर पडून दार ओढून घेतले' या वाक्यात 'बिहाइंड हिम' याचा संपूर्ण आशय येऊन जातो, कारण मराठीत तो 'ओढून घेणे' या संयुक्त क्रियापदाने वाहिला आहे. कथात्म गद्याच्या भाषांतरात 'त्याने त्याच्या', 'तिने तिच्या' अशी जी रांग दिसते आणि कोण कोणाच्या मागे उभे आहे याचा जो गोंधळ उडतो, त्याचे मूळ इंग्रजी अव्ययाच्या या विशेषाकडे झालेल्या दुर्लक्षात आहे.

६

अव्यय नामाचे की क्रियापदाचे, हा प्रश्न येथे अटळ होतो. 'ही टर्न्ड ऑफ द रोड' आणि 'ही टर्न्ड ऑफ द लाइट' ही दोन वाक्ये कागदावर एकाच साच्यातली दिसतात. पहिल्याचा अर्थ तो रस्ता सोडून वळला. दुसऱ्याचा, त्याने दिवा मालवला. नामाच्या जागी सर्वनाम घालताच दोहोंची वाट वेगळी होते. पहिल्यात 'ही टर्न्ड ऑफ इट' असे होते. दुसऱ्यात 'ही टर्न्ड इट ऑफ' असेच म्हणावे लागते, 'टर्न्ड ऑफ इट' म्हणता येत नाही. पहिले 'ऑफ' रस्त्याशी बांधलेले आहे, म्हणून सर्वनाम त्याच्या पुढेच येते. दुसरे 'ऑफ' क्रियापदाचे अंग आहे. त्यापुढील 'द लाइट' हे क्रियापदाचे कर्म आहे, आणि कर्म सर्वनामरूप असल्यास ते क्रियापद व त्याचे अंग यांच्यामध्ये बसते. नामाने झाकलेला भेद सर्वनाम उघड करते. इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यास 'लुक ॲट इट' आणि 'लुक इट अप' यांत शब्दक्रम का बदलतो हे केवळ पाठांतराने कळत नाही. या कसोटीने कळते.

भारतीय व्याकरणपरंपरेस ही द्विविध दृष्टी अपरिचित नाही. 'अनु', 'प्रति' इत्यादी शब्दांचा क्रियेशी योग असता पाणिनी त्यांना उपसर्ग म्हणतो (१.४.५९), तेच शब्द क्रियेशी न जुळता नामाच्या विभक्तीचे नियमन करू लागले की त्यांना कर्मप्रवचनीय अशी वेगळी संज्ञा देतो (१.४.८३ पासून) आणि त्यांच्या योगात द्वितीया सांगतो (२.३.८). शब्द एक, पण तो कोणाशी जोडला जातो यावर त्याची संज्ञा अवलंबून, असा हा विचार आहे. युरोपात ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ मधील 'द फिलॉसफी ऑफ ग्रामर' या ग्रंथात असे प्रतिपादन केले की नामासह आलेले 'इन' आणि नामावाचून आलेले 'इन' यांना दोन शब्दजातींत घालण्याचे कारण नाही. क्रियापद जसे कधी सकर्मक, कधी अकर्मक असते, तसेच हे. हडल्स्टन आणि पुलम यांच्या २००२ मधील केंब्रिज व्याकरणातही हीच भूमिका विस्ताराने मांडली आहे. मराठीत 'आत ये' आणि 'घराच्या आत', 'मागे पाहू नकोस' आणि 'घरामागे' यांत हेच द्वैत आहे; परंतु रूढ व्याकरण एकास क्रियाविशेषण आणि दुसऱ्यास शब्दयोगी म्हणून मोकळे होते.

अव्यय क्रियापदाकडे किती झुकते याचा आणखी एक पुरावा कर्मणी प्रयोगात आहे. 'दे लाफ्ड ॲट हिम' याचे 'ही वॉज लाफ्ड ॲट' असे होते. अव्ययाचा आश्रित वाक्याचा कर्ता झाला, त्याचे रूप 'हिम' वरून 'ही' वर आले, आणि अव्यय क्रियापदापाशी राहिले. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाला सोडून असे मागे राहू शकत नाही. म्हणून अशा वाक्याचे मराठी करताना 'लोक त्याला हसले' किंवा 'त्याचे हसे झाले' अशी निराळी वाक्यरचना करणेच इष्ट असते.

मराठीभाषकाच्या इंग्रजीतील काही नित्य आढळणारे प्रमाद याच जागी उगवतात. 'ला' हा प्रत्यय मराठीत कर्म आणि संप्रदान या दोहोंना लागतो. म्हणून 'त्याला विचार' याचे 'आस्क टू हिम' आणि 'मला सांग' याचे 'टेल टू मी' होते. 'माझ्यावर रागावला' याचे 'अँग्री ऑन मी', 'तिच्याशी लग्न झाले' याचे 'मॅरीड विथ हर', 'या विषयावर चर्चा केली' याचे 'डिस्कस्ड ऑन धिस सब्जेक्ट'. यांत प्रत्येक ठिकाणी अव्ययाची निवड नामाच्या अंगाने झाली आहे : 'वर' म्हणून 'ऑन', 'शी' म्हणून 'विथ'. इंग्रजीत ती निवड क्रियापद किंवा विशेषण करते. 'टेल' आणि 'डिस्कस' यांना येथे अव्ययाची अपेक्षाच नाही. 'अँग्री' यास 'विथ' लागते, 'मॅरीड' यास 'टू'. अध्यापनात अव्ययांच्या याद्यांऐवजी क्रियापदे त्यांच्या अव्ययांसह शिकवावीत, असे याचे व्यावहारिक फलित आहे.

७

अव्ययाने नामाची संगत पूर्णपणे सोडण्याचा प्रकार प्रश्नात आणि संबंधी वाक्यात दिसतो. 'हू आर यू गोइंग विथ?', 'व्हॉट इज धिस फॉर?', 'द हाउस आय लिव्ह इन', 'द पेन आय राइट विथ' या रचनांत अव्यय शेवटी एकटे राहते. एरवी 'फॉर', 'टू', 'ॲट', 'फ्रॉम' ही अव्यये नामापूर्वी अस्फुट स्वराने उच्चारली जातात. पण नाम निघून जाऊन ती मागे उरली की त्यांचा स्वर पूर्ण उच्चारला जातो. कानालाही त्यांचे हे एकटेपण जाणवते.

या रचनेविषयी वाद जुना आहे. ड्रायडन याने १६७२ साली बेन जॉन्सनच्या लेखनातील असे शेवटी आलेले अव्यय दोषास्पद ठरवले. १७६२ साली रॉबर्ट लोथ याने आपल्या इंग्रजी व्याकरणात अधिक समतोल मत दिले : ही रीत संभाषणात आणि घरगुती लेखनात शोभते, गंभीर लेखनात अव्यय संबंधी सर्वनामापूर्वी ठेवणे अधिक डौलदार. पुढील काळातील शालेय परंपरेने त्याचा निषेधनियम केला. प्रत्यक्षात हा शुद्धाशुद्धतेचा प्रश्न नसून भाषेच्या पातळीचा आहे. हेमिंग्वे याच्या १९४० मधील 'फॉर हूम द बेल टोल्स' या कादंबरीचे शीर्षक सतराव्या शतकातील जॉन डन याच्या गद्यातून घेतलेले आहे. त्यातील 'फॉर हूम' हा योग त्या गांभीर्याला साजेसा आहे. तीच गोष्ट रस्त्यावर विचारायची असती तर अव्यय शेवटी गेले असते आणि 'हूम' याचे 'हू' झाले असते. ज्याच्या योगात 'हू' ने विभक्ती धारण करायची ते अव्यय जवळ नसल्यामुळे विभक्तीही गळून पडते. तिसऱ्या भागात सांगितलेले अंतराचे तत्त्व येथेही लागू आहे.

या दोन पातळ्या मराठीत कशा उतरवाव्यात? 'द हाउस इन व्हिच आय लिव्ह' याचे 'ज्या घरात मी राहतो ते घर' हे भाषांतर घडणीत आणि गांभीर्यात दोन्हींत जुळते. 'द हाउस आय लिव्ह इन' याचेही तेच भाषांतर सर्रास केले जाते; पण मराठी बोलणारा मनुष्य सहजपणे म्हणतो, 'मी राहतो ते घर'. तसेच 'मी लिहितो ती लेखणी', 'आम्ही आलो ती गाडी'. या रचनेत 'घरात', 'लेखणीने', 'गाडीतून' हे संबंध शब्दाने सांगितलेलेच नाहीत. ऐकणारा ते क्रियापदावरून ओळखतो. इंग्रजी बोलभाषा अव्ययाला नामापासून सोडवून मागे ठेवते. मराठी बोलभाषा ते गाळूनच टाकते. साधने वेगळी, पण दोन्ही बोलभाषा एकाच ओझ्यातून सुटका करून घेतात.

८

वरील विवेचनातून निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे. पहिला, इंग्रजी अव्ययाचा अर्थ त्यापुढील नामाच्या सोपपद किंवा निरुपपद रूपाशी निगडित असतो, आणि मराठीत त्याचे प्रतिबिंब पुष्कळदा 'ई' आणि 'त' या प्रत्ययांच्या निवडीत पडते. दुसरा, अव्ययापुढील सर्वनाम हे जुन्या विभक्तिव्यवस्थेचे अवशेष जपते, आणि त्याच वेळी अव्यय नामाचे आहे की क्रियापदाचे, स्थलवाचक आहे की क्रियानिबद्ध, हे उघड करणारी कसोटीही पुरवते. तिसरा, व्यवहारातील इंग्रजीत अव्यय नामाला कायमचे जोडलेले नसते. म्हणून 'शब्दयोगी' ही संज्ञा त्याच्या बाबतीत योगापेक्षा वियोगाचाही विचार करून वापरावी लागते.

भाषांतराच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट ही की शब्दयोग्यास शब्दयोगी शोधण्याचा मार्ग बहुधा चुकीच्या ठिकाणी नेतो. 'ॲट होम' याचा पर्याय प्रत्ययात आहे, 'बिहाइंड हिम' याचा 'आपला' या सर्वनामात किंवा संयुक्त क्रियापदात, 'लाफ्ड ॲट' याचा वाक्यरचनेत, आणि 'आय लिव्ह इन' याचा मौनात आहे. ही सर्व साधने मराठीभाषक रोज वापरतो. भाषांतर करताना मात्र कोशातील समीकरणे पुढे येतात, ही साधने मागे पडतात, आणि ज्यांत एकही शब्द चुकलेला नाही तरीही जे कोणी बोलत नाही असे मराठी तयार होते. दोन भाषांच्या व्याकरणांची तुलना हे टाळण्यासाठी उपयोगी पडते. इंग्रजीचा अभ्यास करताना मराठीच्याच दुर्लक्षित सामर्थ्याची ओळख पटावी, हा या तुलनेचा खरा लाभ होय.